उघडल्यापासून सात दिवस

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. रिकामी म्हणणार होते, पण आत्ताच कोणीतरी माझ्यात ब्रश बुचकळून गेलं आहे आणि माझ्या पोटात हिरवं पाणी गरगरतं आहे. ते निवळेपर्यंत मी तुम्हाला माझी हकिकत सांगते. मला आता कसली घाई नाही. घाई होती तेव्हा माझं सगळं आयुष्य सात दिवसांचं होतं. त्यानंतर बघता बघता सात वर्षं होत आली.

मी फार मोठी नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली असते ना, तेवढीच. अंगावर एक लेबल होतं, त्यावरची छापील अक्षरं कधीच उडाली. पण निळ्या शाईनं हातानं लिहिलेली एक तारीख मात्र नीट पाहिलं तर अजून दिसते. माझी सगळी गोष्ट त्या तारखेपासून सुरू होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे धूर आणि खडखडाट येईल. तिथे तसं काही नव्हतं. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. त्यांचे फक्त डोळे दिसत. ती इतकी हळू चालत, की घरात कोणी तान्हं झोपलं असावं असं वाटे. तिथे पाणी इतक्या वेळा गाळलं जाई की त्याला चवच उरत नसे. मग त्या पाण्यात मोजून मापून क्षार घातले, साखर घातली, अंग भरायला लागणारे बारीकसारीक पदार्थ घातले. शेवटी कणभर लाल रंग घातला. ते सगळं माझ्या पोटात भरून माझं झाकण घट्ट लावलं.

त्या पाण्याला लॅबमध्ये ‘मीडिया’ म्हणतात. वर्तमानपत्रवाल्यांशी त्याचा काही संबंध नाही, मित्रांनो. आमचं काम अगदी गुपचूप चालतं. काही घरांत बाळ यावं म्हणून आईबाबा वर्षानुवर्षं वाट पाहतात आणि ते येत नाही. मग डॉक्टर आईच्या पोटातून नाजूक बीजं बाहेर काढतात, बाबांचं बीज त्यांच्याजवळ ठेवतात, आणि नशिबानं साथ दिली तर त्यातून एक गर्भ तयार होतो. तो मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान असतो. आईच्या पोटात परत जाण्याआधी त्याला पाच दिवस बाहेर काढावे लागतात. ते पाच दिवस तो माझ्या एका थेंबात राहतो. खातो तिथेच, पितो तिथेच, आणि एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होत वाढतो.

एवढा मान मिळाल्यावर माझ्या नाकावर माशी बसेनाशी झाली यात नवल नाही. मी होतेच नखरेल. मला ऊन चालत नसे, उजेड चालत नसे, जास्त वेळ उघडी हवाही सोसत नसे. आणि माझी नाराजी लपत नसे, कारण त्या कणभर लाल रंगामुळे मनातलं सगळं तोंडावर यायचं. उघड्या हवेत ठेवलं की मी रागानं गुलाबी-जांभळी व्हायची. उबदार पेटीत, हव्या त्या हवेत ठेवलं की निवांत केशरी, पिकलेल्या पपईच्या गरासारखी. माझ्याकडे एक नजर टाकली की लॅबमधल्या माणसांना कळायचं, बाईसाहेब आज खूश आहेत की रुसल्यात.

पण मला सगळ्यात जास्त भीती होती ती वासाची. माझा थेंब ताटलीत ठेवला की तो सुकू नये म्हणून त्याच्यावर तेल पसरतात. ते तेल माझी जिवाभावाची मैत्रीण. पाण्यात ती कधी मिसळत नाही, पण वासाला मात्र लगेच भुलते. अत्तर असो, पावडर असो, फिनेल असो, हवेतून जे येईल ते पोटात घेते आणि हळूहळू खाली माझ्याकडे देते. माझ्याकडे आलं की ते माझ्या पाहुण्यापर्यंत, म्हणजे त्या गर्भापर्यंत, पोचलंच. मोठ्या माणसाला ज्या वासानं नुसती शिंक येते, तो वास त्या इवल्या जिवाला बाधू शकतो.

कारखान्यातून मी बर्फाच्या पेटीत बसून निघाले. किती दिवस, किती गावं, मला ठाऊक नाही. झोपेतच सगळं झालं. जागी झाले तेव्हा मी एका छोट्या लॅबच्या फ्रिजमध्ये होते आणि दार उघडून एक बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत.

ताईंचं वय पन्नाशीच्या आसपास. त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता. साबण बिनवासाचा, केस कोरडे, पावडर नाही, काही नाही. त्यांची थोरली बहीण म्हणे त्यांना चिडवायची, “अगं, घरात लग्न आहे, आज तरी माणसासारखी ये, नाहीतर पाहुण्यांना कळायचंसुद्धा नाही की तू येऊन गेलीस.” हे मला लॅब पुसायला येणाऱ्या मावशींकडून कळलं. मावशींचं तोंड आणि फडकं दोन्ही एकदमच चालायचं. लॅबबाहेरच्या साऱ्या बातम्या मला त्यांच्याच तोंडून मिळत.

ताईंची एक सवय होती. रोज संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवसाच्या ताटल्या तयार करायच्या. माझे थेंब ताटलीत ठेवून, वर तेल पसरून, ती ताटली रात्रभर पेटीत ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत मी गरम आणि केशरी होऊन पाहुण्याला घ्यायला तयार. कच्च्या, थंड थेंबात कोणाला ठेवता येत नाही. प्रत्येक ताटलीवर आईचं नाव असे. पण सगळं झालं की ताई आणखी एक ताटली करत. तिच्यावर नाव नसे, नुसतं एक गोल. ती त्या कोपऱ्यातल्या जुन्या, लहान पेटीत ठेवत. त्या पेटीला खोलीतली हवा लागत नसे. तिच्यासाठी वेगळ्या टाकीतून हवा येई.

“ही कोणासाठी?” डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या.

“कोणासाठी नाही,” ताई म्हणायच्या.

“मग रोज फुकट घालवायची?”

“घालवायची.”

डॉक्टरबाई हसून मान हलवत. सकाळी ती गोलाची ताटली न वापरता टाकून दिली जाई. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. माझं उलटं होतं, थेंबे थेंबे तळे आटत होतं, आणि त्यात हे फुकटचे थेंब. मला त्या ताटलीचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

ज्या संध्याकाळी ताईंनी मला पहिल्यांदा उघडलं, त्या संध्याकाळी त्यांनी पेन घेऊन माझ्या अंगावर ती तारीख लिहिली. नियम असा, की बाटली एकदा उघडली की सात दिवस. सातव्या दिवशी उरलेलं मोरीत ओतून द्यायचं. मग ते कितीही चांगलं दिसो.

आता तुम्ही विचाराल, तू तर फ्रिजमध्ये, मग पेटीतलं तुला कसं कळलं? मित्रांनो, माझ्यातून गेलेला थेंब माझाच असतो. तो तिकडे उबेत जागा असायचा आणि मी इकडे थंडीत पेंगत असायची. त्याला जे जाणवे ते मला स्वप्नात दिसे. अंधार असायचा, पण घाबरवणारा नाही. उबदार पांघरुणात डोकं खुपसल्यावर असतो तसा. वर तेलाचं जाड छप्पर. आणि मधोमध तो पाहुणा, गोल, स्वच्छ, काही न बोलणारा. फ्रिजचं दार उघडलं की ते स्वप्न तुटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवराबायको आले. लॅबच्या भिंतीत एक सरकती काच होती आणि काचेपलीकडे लहानशी खोली. ताई त्या काचेतूनच लोकांशी बोलत. बायको चष्म्याच्या दुकानात काचा तपासण्याचं काम करायची. तिला सगळ्या गोष्टी जरा लांब धरून, डोळे बारीक करून बघायची सवय लागली होती. नवरा तिच्या मागे दाराशीच उभा.

ताईंनी काच सरकवली आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

“दादा, तुम्ही काय काम करता?”

“रंगारी आहे, ताई. घरं रंगवतो.”

“तरीच.”

त्याचा चेहरा पडला. “तीनदा अंघोळ केलीय. हात रॉकेलनं धुतले, मग साबणानं. कपडे नवे आहेत. तरी जात नाही. वीस वर्षांचा वास आहे, ताई, मुरलाय.”

“तुमचा राग नाही, दादा. आत जे आहे ना, त्याला कसलाच वास सोसत नाही. रंगाचा तर मुळीच नाही. तुम्ही फक्त या काचेजवळ येऊ नका.”

“नाही येत,” तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. नंतर तो पुढच्या खोलीत बसलाच नाही. बायको म्हणाली, “अहो, बसा की इथं, कोण काय म्हणतंय?” तो म्हणाला, “नको गं, कशाला उगाच,” आणि इमारतीच्या मागच्या बाजूला, गच्चीकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसला. त्यानंतर रोज तो तिथेच बसायचा.

तो गेल्यावर ती काचेजवळ आली. तिनं आवाज लहान केला. “ताई, ही तिसरी वेळ आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय, ही शेवटची. शरीर सोसेल कदाचित, पण मन नाही सोसत आता. यांना तर मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, मागच्या वेळी पाहिलं.”

ताईंनी उगाच धीर दिला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मी माझ्याकडून काही कमी पडू देणार नाही.”

त्याच दिवशी तिची चार बीजं मिळाली. दुसऱ्या दिवशी कळलं, चारातले दोनच गर्भ झाले. दोघेही माझ्या थेंबांत शेजारी शेजारी राहायला आले. पहिल्या दोन दिवसांत त्यांचं छान चाललं होतं. मी स्वप्नात दोघांनाही पाहत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे एक जण थांबला. का थांबला, मला माहीत नाही. ताईंनाही माहीत नव्हतं. काही जीव एवढेच येतात, त्याला कोणाचा इलाज नसतो. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. आपल्या घरी राहायला आलेला पाहुणा असा न सांगता गेला की यजमानाला वाटतंच, आपलं काही चुकलं का.

उरला एकच. आठ पेशींचा, टपोरा. ताईंनी काचेतून तिला तेच सांगितलं. “एक आहे. पण चांगला आहे.”

ती म्हणाली, “एकच लागतो, ताई.”

आणि त्याच सकाळी ते घडलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याची तपासणी होती. दवाखान्याचे मॅनेजरसाहेब माणूस तसे काळजीवाहू. त्यांनी लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावून ठेवली होती, ‘वास असलेली कोणतीही वस्तू आत आणू नये.’ लॅबच्या आसपास रंगाचा ब्रश फिरकू द्यायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. पण मागच्या गच्चीवर एक गंजलेली जाळी होती. तपासणीवाल्यांच्या नजरेला ती टोचेल म्हणून साहेबांनी एका माणसाला सांगितलं, “लॅबपासून लांबच आहे ती, तेवढी रंगवून टाक.” त्या जाळीमागे एक यंत्र होतं. लॅबमधली सगळी हवा ते यंत्र बाहेरून ओढून घ्यायचं. हे साहेबांना कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आमचे रंगारीदादा मागच्या जिन्यावर बसले होते. समोर आपल्याच धंद्यातला माणूस काम करतोय म्हटल्यावर कोणाला राहवतं? आधी त्यांनी त्याच्या कामातच खोट काढली. “अरे बाबा, आधी गंज खरवड की. असा वरच्या वर लावलास तर चार महिन्यांत पोपडे येतील.” तो माणूस म्हणाला, “साहेबांना पुढच्या आठवड्यापुरतंच पाहिजे.” दादा हसले. तेवढ्यात डब्याखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद उडाला आणि जाळीला जाऊन चिकटला. खाली पडला नाही. जाळीच्या मागून कोणी धरून ठेवल्यासारखा तिथेच राहिला.

दादा उठले. त्यांनी जाळीजवळ हात नेला. हवा आत जात होती.

“ही जाळी कसली रे?”

“आतल्या कुठल्याशा खोलीत हवा जाते इथून. का?”

दादांनी त्याच्या हातातला ब्रश काढून डब्यात टाकला, डब्यावर झाकण दाबलं आणि धावत सुटले.

खाली लॅबच्या दाराशी मॅनेजरसाहेब उभे होते. हा धापा टाकणारा माणूस थेट लॅबकडे येतोय म्हटल्यावर त्यांनी हात आडवा घातला. “कुठं निघालात? पाटी वाचता येत नाही का?”

“साहेब, आत रंगाचा वास जातोय.”

साहेबांनी नाक मुरडलं. “अहो, वास तुमच्याच अंगाला मारतोय. आणि तुम्ही आम्हाला सांगताय?”

मित्रांनो, रंगारीदादा कमी बोलणारे. मोठ्या माणसानं आवाज चढवला की मान खाली घालून बाजूला व्हायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. त्यांनी मान खाली घातलीसुद्धा. मावशी बादली घेऊन तिथेच उभ्या होत्या, त्यांनी हे सगळं पाहिलं. त्या म्हणाल्या, वाटलं की गेला आता हा माणूस परत. पण त्यानं मान वर केली.

“साहेब, माझा वास जुना आहे, वाळलेला. हा ओला आहे. ऑइल पेंट आणि हलका थिनर. मागच्या जाळीतून आत चाललाय. मला कळतं ते. तुम्ही मला आत जाऊ देऊ नका, पण ताईंना सांगा. माझं एकच आहे हो आत.”

साहेब काही बोलायच्या आत मावशींनी बादली खाली ठेवली आणि लॅबची घंटा दाबून धरली. “ताई, यंत्र बंद करा!” त्या ओरडल्या. “आपण दरवाजाला बोळा घातला आणि मोरी मोकळी सोडली!”

त्या वेळी मी फ्रिजमध्ये पेंगत होते. स्वप्नात मला अंधार दिसत होता आणि तेलाचं छप्पर नेहमीपेक्षा जड झाल्यासारखं वाटत होतं. की तसं मला नंतर वाटायला लागलं, हे आता सांगता येत नाही. एवढं आठवतं, की पाहुणा निवांत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं.

ताईंनी बाहेरची हवा बंद केली. आतली हवा गाळणारं यंत्र चालू ठेवलं. त्यांना आत काहीच वास आला नव्हता, पण त्यांनी पेटी लगेच उघडली नाही. खोलीतली हवा साफ होईपर्यंत घड्याळाकडे बघत हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. अर्धा तास. काचेपलीकडे ती बाई उभी होती.

थेंबावरचं तेल वासानं भरलं असेल, तर पाहुण्याला त्या घरात ठेवणं धोक्याचं होतं. पण नवं घर एका क्षणात कुठून आणायचं? नवा थेंब गरम होऊन तयार व्हायला कित्येक तास लागतात, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलंच. मग ताई उठल्या आणि कोपऱ्यातल्या लहान पेटीकडे गेल्या. आत गोलाची ताटली होती. कोणासाठी नसलेली. रात्रभर वेगळ्या हवेत राहिलेली, गरम, केशरी, तयार.

ज्या ताटलीचा मी इतके दिवस राग केला, तिनंच माझी लाज राखली.

ताईंनी केसाहून बारीक नळीनं पाहुण्याला उचललं. श्वास रोखला. एका थेंबातून दुसऱ्या थेंबात, एवढासाच प्रवास. मग पेन घेऊन त्या गोलाच्या आत तिचं नाव लिहिलं.

काच सरकवून त्या म्हणाल्या, “हलवलाय. आत्ता तरी नीट दिसतोय. वास आत पोचला होता की नाही, मला खरंच माहीत नाही. परवा कळेल.”

ती म्हणाली, “बरं.” मग खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दादा दाराबाहेर उभे होते. ताई त्यांच्याजवळ गेल्या. “दादा, उद्यापासून त्या मागच्या जिन्यावर बसू नका.”

“नाही बसत, ताई,” ते घाईनं म्हणाले. “मी येतच नाही, हवं तर.”

“तसं नाही हो. पुढं बसा. आमच्या दाराजवळ. तुमच्यासारखं नाक आमच्या एकाही यंत्राला नाही.”

मावशी म्हणाल्या, हात पुढे करावा की नाही, ते दादांना कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि नुसती मान हलवली. मॅनेजरसाहेब मग स्वतः गच्चीवर गेले आणि ती जाळी काढून आणली. संध्याकाळी त्यांनी दादांना चहा आणून दिला.

त्या दोन दिवसांत मी जेवढी स्वप्नं पाहिली तेवढी कधी पाहिली नाहीत. आठाचे सोळा झाले. मग मोजता येईनासे झाले. मग त्या गोळ्याच्या आत एक पोकळी उमलली, पाण्यानं भरलेली, जशी लहान खोलीत एकदम खिडकी उघडावी. पाहुणा मोठा झाला होता. त्याला आता माझं घर पुरत नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी ताईंनी त्याला आईच्या स्वाधीन केलं. तो गेला आणि स्वप्न थांबलं. त्याला माझा निरोप घेता आला नाही, आणि मला कोण विचारतंय? मित्रांनो, आपल्या भाषेत किती नाती आहेत. मावशी आहे, आत्या आहे, मामी आहे, काकू आहे. पाच दिवस पोटाशी धरून नंतर देऊन टाकणारीला मात्र शब्द नाही.

तोच दिवस माझाही शेवटचा होता. दुपारी ताईंनी माझ्या अंगावरची तारीख वाचली, झाकण काढलं आणि उरलेलं सगळं मोरीत ओतलं. जाता जाता हवा लागून ते जांभळं झालं. आता मी कचऱ्याच्या पिशवीत जाणार होते, इतक्यात काचेवर टकटक झाली. दादा होते.

“ताई, ती बाटली फेकणार का?”

“हो. रिकामी आहे.”

“मग मला द्या ना.”

“काय करणार तिचं?”

दादांनी मान खाजवली. “काही नाही. राहू दे घरात.”

ताईंनी मला गरम पाण्यानं धुतलं, पुसलं आणि काचेतून त्यांच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला रंगाचा वास आला. मी भीतीनं अंग चोरून घेतलं. मग लक्षात आलं, की आता माझ्या पोटात कोणीच नाही.

त्यांच्या घरी मी फळीवर बसले. तिथे एक रेडिओ होता, एक शिंप्याची कात्री होती आणि मी. गर्भ आईच्या पोटात रुजला की नाही, ते दोन आठवड्यांनी कळणार होतं, तोवर त्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. एकदा ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, “अहो, नाही झालं तर हिचं काय करायचं?” ते म्हणाले, “तरीही ठेवू. हिनं तिचं काम केलंय.” मग एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. तिनं ऐकलं आणि फोन खाली ठेवला. त्यांनी विचारलं, “काय?” ती म्हणाली, “आहे.” एवढंच.

नऊ महिन्यांनी मुलगी झाली.

दादांनी घरात एक शिस्त लावून घेतली. कामावरून आले की दाराबाहेर कपडे बदलायचे, सरळ मोरीत जायचं, तीन वेळा साबण लावायचा, मगच मुलीला उचलायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मुलगी एक वर्षाची झाली, तीन वर्षांची झाली, तरी ती शिस्त सुटली नाही. ती दोन्ही हात पसरून धावत यायची आणि ते मागे सरकायचे. “थांब बेटा, वास आहे अंगाला.” फळीवरून मला ते दिसायचं. मला आपली लाज वाटायची. वासाची ही भीती माझ्यामुळेच तर त्यांच्या घरात शिरली होती.

आता ती सहा वर्षांची आहे. बापाचाच हात आहे, दिवसभर रंगांत बुडालेली असते. आज सकाळी तिला ब्रश धुवायला भांडं हवं होतं. तिनं खुर्चीवर चढून मला खाली घेतलं.

“आई, ही कसली बाटली?”

आईनं मला हातात घेतलं, लांब धरलं आणि ती निळी तारीख वाचली. “हे तुझं पाळणाघर. तू माझ्या पोटात येण्याआधी पाच दिवस इथं होतीस.”

“एवढ्याशा बाटलीत? मग मला कंटाळा नाही आला?”

“विचार तिलाच.”

तिनं मला कानाला लावलं. मी काय सांगणार? तिचा कान गरम होता. मला ती ऊब ओळखीची वाटली.

मग तिनं माझ्यात पाणी भरलं आणि एक झाड रंगवायला बसली. संध्याकाळ झाली. झाड अर्धं झालं असताना तिनं मान वर केली, नाक उंच केलं आणि ब्रश माझ्यात बुचकळून टाकला.

“बाबा आला!”

“अगं, अजून बेल कुठं वाजलीय?” आई म्हणाली.

पण ती दारापाशी पोचलीसुद्धा होती. दार उघडलं. खरंच ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते, कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे, हातात डबा. त्यांनी सवयीनं हात वर केले. “थांब बेटा, आधी अंघोळ करू दे. वास येतोय अंगाला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “त्यावरूनच तर मला रोज कळतं, तू आलास म्हणून.” आणि तिनं त्यांच्या कमरेला मिठी मारून त्यांच्या मळक्या सदऱ्यात नाक खुपसलं. “आज धुवून टाकू नको ना लगेच.”

त्यांचे हात बराच वेळ हवेतच होते. मग ते हळूच खाली आले आणि तिच्या पाठीवर टेकले.

मित्रांनो, माझ्या पोटातलं पाणी आता निवळलं आहे. मी तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरी कोणी नाजूक जीव असेल तर त्याला जपा, पुढच्या दाराबरोबर मागची जाळीही बघा. एखादी ताटली कोणासाठी नसली तरी करून ठेवा. आणि कोणाच्या अंगाला त्याच्या कामाचा वास येत असेल, तर नाक मुरडून त्याला जिन्यावर बसवू नका.

दारात ते दोघं अजून तसेच उभे आहेत. आई म्हणते आहे, चहा गार होतोय. कोणी हलत नाही.